चित्रातलं वाकडं बोट

कोटखोलीतला ‘बरं’ हा पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आहे, ही बातमी आमच्या गल्लीत न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडली. न्हावी वस्तरा धरून कानाशी वाकायचा आणि म्हणायचा, “कुणाला सांगू नका हं.” म्हणजे त्याआधीच्या गिऱ्हाइकालाही त्यानं हेच सांगितलेलं असायचं. संध्याकाळपर्यंत गल्लीत ही बातमी ठाऊक नसलेला एक बहिरा शिंपी तेवढा उरला होता. त्यालाही बायकोनं खाणाखुणा करून समजावलं.

आता अफवा म्हटली की लोक नाक मुरडतात, पण ह्या अफवेला चांगला दणकट पुरावा होता. तो राष्ट्राध्यक्षभवनाच्या भिंतीवरच टांगलेला होता, सोनेरी चौकटीत. तिथल्या चित्रदालनात पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं मोठं तैलचित्र आहे. खुर्चीत बसलेत, नजर लांब कुठेतरी देशाच्या भवितव्याकडे, आणि उजवा हात शेजारच्या मेजावर. त्या हाताची करंगळी आकड्यासारखी आत वळलेली. बरंची करंगळीही तशीच, जन्मापासून. त्याच्या आईच्या माहेरी असं बोट कुणाचं नव्हतं, बापाच्या घराण्यातही नव्हतं. शिवाय पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात त्याची आई भवनाच्या धुलाईघरात कामाला होती. एवढं सगळं आयतं हाताशी आल्यावर लोकांनी आणखी काय मागायचं?

हा बरं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. भवनाच्या मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला कोटखोली लागते. येणाऱ्यानं तिथे कोट, टोपी, छत्री द्यायची आणि पितळी बिल्ला घ्यायचा. बिल्ला देणारा तो बरं. खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही ते कधी वापरलं नाही. त्याला काहीही सांगा, तो “बरं” म्हणायचा. बढती मिळाली, बरं. बढती रद्द झाली, बरं. त्याचं लग्न ठरलं होतं, ते ह्याच अफवेपायी मोडलं. मुलीचा मामा कोटखोलीच्या खिडकीशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, “एवढ्या मोठ्या घराण्यातला जावई आम्हाला झेपायचा नाही बुवा.” बरंनं त्याची छत्री परत दिली आणि म्हणाला, “बरं.”

रडला नाही, चिडला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर. लोकांना वाटायचं, मुलगा मठ्ठ आहे. मला तसं वाटत नव्हतं. मठ्ठ माणसाला निदान भूक लागते, झोप येते, कुणीतरी आवडतं. ह्याचं काही कळायचंच नाही.

राष्ट्राध्यक्ष मात्र त्याला कोटांवरून पाठ होते. तो म्हणायचा, “मी माणूस बघत नाही, अस्तर बघतो.” तो कामाला लागला तेव्हा तिसरे होते. त्यांच्या कोटाचं अस्तर जागोजागी उसवलेलं, आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्रं सांगत होती की देशाची तिजोरी भक्कम आहे. चौथ्यांचे कोट दोन, एक थंडीसाठी आणि एक फोटोसाठी. पाचवे एका दुपारी सैनिकांच्या मधोमध चालत मागच्या दारानं गेले. पुढच्या दाराशी असलेला त्यांचा कोट खुंटीवरच राहिला, तो न्यायला कुणी आलं नाही. बरं अजून त्याला ब्रश मारतो. सहाव्यांनी ह्यातून धडा घेतला. त्यांनी कारकिर्दीत एकदाही कोट काढून दिला नाही. बैठकीत घाम पुसत बसायचे, पण कोट अंगावर.

चित्रदालन ही चौथ्यांची हौस. भिंतीवर आपलं चित्र लागावं ही त्यांची इच्छा, पण एकट्याचं लावलं तर बरं दिसणार नाही म्हणून आधीच्या तिघांनाही मान मिळाला. उद्‌घाटनाला पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींना मुद्दाम बोलावलं. बाईसाहेब खूप थकल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना धरून चित्रासमोर उभं केलं. सगळे श्वास रोखून बसलेले. बाईसाहेबांनी वर पाहिलं आणि गहिवरून म्हणाल्या, “हात अगदी ह्यांचाच हो!”

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, हातात फडकं घेतलेला एक माणूस उभा होता. तो भवनाचा पॉलिशवाला, म्हणजे बरंचा बाप. खुर्च्या, मेजं, चौकटी, जे जे लाकूड त्या इमारतीत चमकतं ते त्याच्या हातानं. चौकटीही त्यानंच तयार केल्या होत्या, पण त्यात बसवलेलं चित्र त्यानं तोवर पाहिलं नव्हतं. बाईसाहेब ‘हात’ म्हणाल्या म्हणून त्यानं हाताकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी तो क्वार्टरवर आला. मुलाला म्हणाला, “हात ठेव इथं.” मुलानं मेजावर हात ठेवला. बापानं तो थोडा वेळ पाहिला. मग आपली वळकटी उचलली.

“कुठे निघालात?” बरंची आई.

“शेडमध्ये. पॉलिश वाळेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.”

ते पॉलिश पुढे दोन राष्ट्राध्यक्ष होऊन गेले तरी वाळलं नाही. बाप भवनामागच्या शेडमध्येच राहू लागला. लाखेच्या आणि स्पिरिटच्या वासात झोपायचा, तिथूनच कामावर जायचा. आई रोज डबा भरायची, बरं तो पोचवायचा. डबा संध्याकाळी धुऊन परत यायचा, कधी निरोप नाही, कधी तक्रार नाही. शेजारणी खोचक विचारायच्या, “काय हो, घरचे बाहेर का?” ती म्हणायची, “वासानं मला खोकला होतो.” आणि आत येऊन इस्त्री करत बसायची.

एकदा बरंनं तिला विचारलं, “आई, बाबांनी तुला काही विचारलं होतं का गं?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“मग तूच सांग ना जाऊन.”

“मी माझ्याच घरात साक्ष द्यायला उभी राहायची? जा, डबा थंड होतोय.”

बरं डबा घेऊन गेला.

सातव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी ठरला तेव्हा पॉलिशवाला निवृत्तीला आला होता. शपथविधीपूर्वी दालनातल्या चौकटी एकदा झळकवायच्या, की काम संपलं. त्यानं पत्र्याची ट्रंक भरली आणि डब्याबरोबर पहिल्यांदाच निरोप पाठवला, तोही मुलाच्या तोंडी. “आईला सांग, उद्या बहिणीकडे जातोय. परत यायचं काही कारण दिसत नाही.”

बरंनं तो निरोप जसाच्या तसा आईला सांगितला. आई इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली, शर्टाची घडी घातली आणि म्हणाली, “बरं.”

हा शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता. तो मला नंतर म्हणाला, “आपला आवाज दुसऱ्याच्या घशातून यावा तसं झालं.” त्याच्याकडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोटखोली बंद करून दालनात गेला. बाप स्टुलावर चढून पहिल्या राष्ट्राध्यक्षांची चौकट पुसत होता. पुसायची त्याची एक रीत झाली होती. हात चौकटीवर, तोंड खिडकीकडे. एवढ्या वर्षांत त्यानं लाकडाचा कण न् कण घासला, पण चित्राकडे पुन्हा पाहिलं नव्हतं.

“बाबा.”

“कोट सोडून इकडे कुठे? आज गर्दी होईल.”

“तो हात माझा आहे.”

“ठाऊक आहे. न्हाव्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तसं नाही. चित्राला मी बसलो होतो.”

बापाचा हात थांबला. बरंनं सांगितलं ते असं. पहिल्या तिन्ही राष्ट्राध्यक्षांचे फोटो होते, पण छातीपर्यंतचेच. चित्रकाराला त्या चेहऱ्यांखाली रंगवायला धड हवं होतं आणि मेजावर ठेवायला हात. उंचापुरा, गप्प बसणारा माणूस म्हणून कोटखोलीतला पोरगा सापडला. त्याला जुना काळा कोट चढवून माळ्यावरच्या खोलीत बसवलं. चित्रकार जे दिसेल ते रंगवणारा होता. पहिलं चित्र पुरं झाल्यावर सचिवसाहेब पाहायला आले आणि ओरडले, “हे बोट कसलं?” चित्रकार म्हणाला, “साहेब, आता कुणाला आठवतंय?” पण पुढच्या वेळी शहाणपण केलं. दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या हातांत हातमोजे आहेत, तिसऱ्यांचा हात कोटाच्या आत आहे. चौथे हयात होते, ते स्वतःचा हात घेऊन आले.

“हे तुला आईनं शिकवलं?” बापानं खिडकीकडे बघतच विचारलं.

“आईला माहीत नाही.”

“मग इतकी वर्षं तोंडात काय होतं तुझ्या?”

“सचिवसाहेब म्हणाले होते, हे राष्ट्राध्यक्षांचं चित्र आहे, तुझं नाही. बाहेर बोललास तर क्वार्टर जाईल. आई कुठे गेली असती?”

“तू काय म्हणालास त्यांना?”

“बरं म्हणालो.”

बाप स्टुलावरून उतरला. मुलाचं मनगट धरून चित्रातल्या हाताशेजारी नेलं. चित्राकडे नीट न बघताच म्हणाला, “सारखाच आहे. हेच तर म्हणतो ना मी. तू म्हणतोस तसं असलं तरी सारखा, लोक म्हणतात तसं असलं तरी सारखा. चित्रकार आहे कुठे?”

“वारला.”

“आणि तो सचिव?”

“पाचव्यांबरोबर मागच्या दारानं गेला.”

“मग हुकूमही गेला की त्याच्याबरोबर! कधीचाच!”

“मागे कुणी घेतला नव्हता,” बरं म्हणाला. आपण कधीच निघून गेलेल्या माणसाचा हुकूम पाळत बसलो होतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. पण चेहऱ्यावर काही हललं नाही. बाप वळून फडकं झटकू लागला. ट्रंक शेडच्या दाराशी तयार होती.

“बाबा, नखं बघा,” बरं म्हणाला. “चित्रकारानं विचारलं होतं, नखांत काय आहे म्हणून. मी म्हटलं, पॉलिश. तो म्हणाला, राहू दे, रंग छान आहे.”

बापानं खिशातून चष्मा काढला. लाकडाच्या रेषा बघायला नाक टेकवायचा तसं त्यानं त्या रंगवलेल्या हातापाशी नाक नेलं. राष्ट्राध्यक्षांच्या नखांच्या कडांना तांबूस-तपकिरी रेघ होती, बारीक, अंगठ्यापाशी थोडी जाड. लाखेचं पॉलिश बोळ्यानं फिरवणाऱ्याच्याच नखांत ती बसते आणि साबणानं निघत नाही. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष खुर्च्यांना पॉलिश करत नव्हता.

बापानं फडकं उचललं आणि ती रेघ पुसायला लागला.

“बाबा, रंग आहे तो.”

“ह्याला स्पिरिट लागतं,” बाप पुटपुटला आणि थांबला. फडक्याची घडी घातली. “त्या दिवसांत आपण जेवणघराच्या खुर्च्या केल्या होत्या.”

“हो.”

“सुट्टीच्या दिवशी तुला पॉलिशला धरून बसवलं होतं मी.”

“हो.”

“म्हटलं होतं तुला, हात स्वच्छ करून मग जा.”

“हो बाबा.”

मग दालनाचा शिपाई आला आणि म्हणाला, पाहुणे यायला लागलेत, कोटखोली बंद का? बरं गेला. त्या दिवशी त्यानं सातव्यांचा कोट घेतला. अस्तर नवीन होतं.

संध्याकाळी बाप ट्रंक घेऊन क्वार्टरवर आला. दाराशीच उभा राहिला. आईनं ट्रंकेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“गाडी चुकली?”

“गेलोच नाही.” त्यानं घसा साफ केला. “पोरानं सांगितलं सगळं. चित्र नीट पाहिलं मी.”

“चित्रानं सांगितलं म्हणून आलात.”

“अगं…”

“मी सांगितलं असतं तर आला असतात?”

त्यानं ट्रंक खाली ठेवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. ताट वाढलं, “हात धुऊन या” म्हणाली. तो नळाखाली बराच वेळ नखं घासत राहिला. जेवण झाल्यावर तिनं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, मुलाच्या अंथरुणाशेजारी घातलं आणि आतलं दार लोटून घेतलं. कडी लावली नाही. उघडलंही नाही. तो शेवटपर्यंत बाहेरच्याच खोलीत झोपला. दोघं भांडली नाहीत. डबा मात्र आता भरावा लागत नव्हता, जेवण ताटातच वाढलं जायचं.

क्वार्टर गेलं नाही. बरंला कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही पडलेलीच नव्हती. न्हाव्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “जाऊ द्या हो, आधीचंच जास्त छान होतं.” शाळेच्या पुस्तकात आता एक धडा आहे. पहिल्या राष्ट्राध्यक्षांची करंगळी तुरुंगात मोडली, तरी त्यांनी तक्रार केली नाही, असं त्यात लिहिलंय. पोरं त्यावर प्रश्नोत्तरं लिहितात. बरंला मी तो धडा वाचून दाखवला. काय म्हणाला असेल ते तुम्हीच ओळखा.

पहिल्या राष्ट्राध्यक्षांची सगळी बोटं सरळ होती. चित्रातला हात कोटखोलीतल्या माणसाचा आहे, आणि तो माणूस पॉलिशवाल्याचा मुलगा आहे.