मामांचा हात वर झाल्याशिवाय

आमच्या घराजवळच्या सर्जापूर रोडची तुंबलेली वाहतूक एकाच माणसाच्या ताब्यात द्यायची झाली, तर मी डोळे मिटून बायकोच्या मामांचं नाव सुचवीन. गाड्या कुठे पोचणार नाहीत, पण धडकणारही नाहीत. मामा मूळचे बेळगावकडचे. रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्यात आयुष्य गेलं, त्यातच डाव्या हाताचा पंजा गेला. उरलेल्या उजव्या हाताने ते हल्ली आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग चालवतात. त्यांचा हात वर झाल्याखेरीज चाक फिरवायचं नाही. दूधवाल्याच्या स्कूटरलाही सूट नाही. कानडी वॉचमन तर मामांचा हात वर होईपर्यंत "स्वल्प, स्वल्प! अण्णा!", म्हणजे जरा थांबा, एवढंच ओरडून शाळेची बस अडवतो. मी एकदा, आपण एवढे मॅनेजर, आपल्याला कसला सिग्नल, म्हणून परस्पर रिव्हर्स घेतला आणि थेट खांबाची गाठ घेतली. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मी हात वर केलो होतो काय?"

हाच प्रश्न ते कित्येक वर्षं रेल्वे खात्याला विचारत होते. इंजिन मागे आलं तेव्हा मामा दोन डब्यांच्या मधे होते. खात्याच्या चौकशीत ठरलं, की मागे येण्याचा इशारा त्यांनीच हात वर करून दिला, चूक त्यांची. भरपाई अधिकाऱ्यानेही त्या चौकशीकडे बोट दाखवून अर्ज न ऐकताच परत केला. बायको म्हणायची, "मामा, पेन्शन आहे, सोडा की आता."

"पैशाचं सोडलो की गं. पण माझा हात खोटं बोलला म्हणतात, ते कसं सोडू?"

आणि अलीकडे मामांच्या अपिलावर हायकोर्टाचा निकाल आला: खात्याने आपल्याच चौकशीत दोष ठरवला, म्हणून जखमी कामगाराला भरपाईचं दार बंद होत नाही, त्याचं म्हणणं ऐकावंच लागेल. मी उत्साहाने पेढे आणले. मामांनी पेढा हातातच धरला.

"म्हणजे जिंकलो काय?"

"नाही मामा. आता पहिल्यापासून सुनावणी."

"म्हणजे मला विचारणार तरी?"

"विचारणार."

मग पेढा खाल्ला, आणि दुसरा मागितला.

परवा सुनावणी होती. इस्त्रीचा शर्ट घालून मामा माझ्या शेजारी बसले. या वयात आणखी किती तारखा, असं मनात येत होतं, ते गिळून मी गाडी सुरू केली आणि थांबलो.

"चला की, उशीर होतोय!"

"हात कुठाय, मामा?"

मामांनी काच खाली केली, मान बाहेर काढून मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि हात वर केला. गेट मागे पडलं, मोठा रस्ता आला, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. मीही काच वर केली नाही.