छातीकडं जाणारा हात

मल्लेश्वरीच्या कडक भाकरीला बसवकल्याणात तोड नव्हती. लग्नघरची माणसं आगाऊ सांगून जायची. त्या आठवड्यात मात्र तिनं आलेलं प्रत्येक काम परत पाठवलं. हातातला फोन खाली ठेवायला जीव धजत नव्हता, मग भाकरी थापायच्या कुठल्या हातानं?

तिचा नवरा बसवेश बोअरच्या गाडीवरचा ऑपरेटर. कंपनीनं त्याला आफ्रिकेतल्या एका देशात नेलं होतं. त्या देशाचं नाव तिच्या जिभेवर धड बसत नसे. ती नुसतं 'तिकडं' म्हणे. तिकडं दंगे उसळले, नाक्यानाक्यावर बंदुकवाले उभे राहिले. कंपनीची बाकीची माणसं विमानतळावर निघून गेली. पत्र्याच्या उंच कुंपणाआड बसवेश तेवढा मागं राहिला. त्याला गाडीत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

कारण होतं त्याच्या हाताची सवय. दचकला की त्याचा उजवा हात शर्टात जायचा आणि घरातल्या सगळ्यांसारखं चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मुठीत धरायचा. लहानपणापासूनची खोड. आपल्याकडं बघणारा म्हणेल, केवढी भक्ती! तिकडं नाक्यावर शिपाई खेकसला, याचा हात शर्टात गेला, आणि समोर बंदुकीचा खटका वाजला. ड्रायव्हर ओरडत मधे पडला म्हणून निभावलं. मग साहेबांनी बजावलं, ते काढून बॅगेत टाक, नाहीतर आमच्याबरोबर येऊ नकोस. बसवेशनं काढलं नाही. निघताना वडिलांना शब्द दिला होता की लिंग अंगावेगळं करणार नाही.

आता विमानतळाकडं जाणारी उद्या सकाळची गाडी शेवटची होती.

"अवं, घंटाभर काढून ठेवा की," मल्लेश्वरी फोनमधल्या त्याच्या चेहऱ्याला म्हणाली. "देव काय रुसून बसतोय व्हय?"

"अप्पाला विचार."

"हितंच बसलेत. तुमीच विचारा."

दोघांपैकी कुणीच विचारीना. सासरे गुरुशांतप्पा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. पोराला देवानं राखावं म्हणून त्यांनी शब्द घेतला होता, आणि त्याच शब्दानं पोरगं कोंडलं गेलं होतं. चार दिवसांत त्यांच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता.

"मामा, तुमी म्हणालाव तर ते काढतील," ती म्हणाली.

"आन काढल्यावर काय झालं म्हंजे? मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"आन न्हाई काढलं आन काय झालं म्हंजे?"

म्हाताऱ्यानं आपल्या गळ्यातली डबी चाचपली. मग ते हळूच म्हणाले, "छातीवरच पायजे असं कुठं हाय? नाभीच्या खाली येऊ नये, एवढंच."

"मंग दंडाला बांधायचं?"

"दंडाला बांधलं तर हात दंडाला जाईल. पुन्यांदा तेच." ते सरळ होऊन बसले. "माझा आजा नदीत उतरताना पागोट्यात बांधायचा. डोक्याला बांध म्हणावं, वर टोपी घाल. हात डोक्याकडं गेला तर कुणी गोळी घालत न्हाई."

बसवेशनं चांदीची डबी बॅगेत ठेवली, लिंग फडक्यात गुंडाळून डोक्याला आवळलं आणि टोपी चढवली. मग हात छातीऐवजी टोपीकडं जावा म्हणून सुरू झाली तालीम. तो हात गुडघ्यावर ठेवून बसायचा, आणि मल्लेश्वरी मधेच फोनजवळ परात आपटायची.

पहिल्या दणक्याला त्याचा हात छातीवर गेला.

"मेलाव!" ती ओरडली, आणि स्वतःच जीभ चावली.

"तुझ्या आवाजानंच मरतंय माणूस. बंदूक कशाला लागती?"

"हसू नका. पुन्यांदा हात खाली ठेवा."

परातीचा आवाज ऐकून शेजारची विमलबाई दारात आली. "कामून गं, सासऱ्याशी भांडायलीस का?"

"न्हाई हो अक्का, नवऱ्याला शिकवायलेय," मल्लेश्वरी म्हणाली आणि परात पुन्हा आपटली. या खेपेला हात छातीकडं निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला. त्याहून पुढची मजल तालमीत गाठता आली नाही.

सकाळी तो निघाला, आणि फोन बंद झाला. मल्लेश्वरी अंघोळ करून पूजेला बसली. डाव्या तळहातावर आपलं इष्टलिंग घेतलं, विभूती लावली, पण डोळे मिटले की पत्र्याचं कुंपण दिसे. उठावं तर पूजा मोडते, बसावं तर जीव गुदमरतो. पलीकडं सासरेही तसेच बसलेले. घराचं दार उघडं असून दोघांना बाहेर पडता येत नव्हतं.

उन्हं अंगणात आली तेव्हा फोन वाजला.

"पोचलो. विमानतळावर काचंच्या आत हाय."

"हात कुठं गेलता?" तिनं आधी तेच विचारलं.

"छातीकडंच. तिथं काय न्हाई हे ठावं हाय, तरी गेला. शिपायानं नळी कपाळाला लावली. ड्रायव्हरनं माझे दोनी हात धरून समोर दाबले आन वर आपला हात ठेवला. शिपायानं शर्ट फाडून बघितलं. छातीवर कायच न्हाई. मंग सोडलं."

गुरुशांतप्पांनी फोन मागून घेतला. "त्या ड्रायव्हरचं नाव सांग, बाळा. तेच्या नावानं रोज विभूती लावतो."



"ठावं न्हाई, अप्पा. तिकडच्या माणसाशी जास्ती बोलू नका, नावगाव विचारू नका, असंच कंपनीनं शिकवलं व्हतं आमाला. वरीसभर तेच्याच गाडीत बसलो."

"मंग जावा की, इचारून या," मल्लेश्वरी फोनवर वाकून म्हणाली.

"कसा जाऊ? ह्यो दरवाजा आत घेतो, भायेर सोडत न्हाई. काचंतून दिसायलाय मला. गाडी पुसायलाय."

"काच वाजवा."

"वाजवायलोय की. त्याला ऐकू जाईना."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. बसवेशची बोटं काचेवर वाजत होती. तिला ती ऐकू येत होती.