एकातून एक काढलेली वायर

तूर उदंड पिकली आणि भाव बसला, त्या वर्षी अकोल्याकडच्या एका बाजारात वायफाय बसवायचं काम माझ्याकडे आलं. सरकारी खरेदी होती. पाच शेड, प्रत्येकात एक मोठा वजनकाटा. काट्यावरचं वजन वायफायनं थेट ऑफिसात जायचं आणि तिथं नोंद झाली तरच तूर विकली जायची. हातानं लिहिलेलं वजन कुणी धरत नव्हतं.

आराखडा मी अमरावतीहूनच करून नेला होता. प्रत्येक शेडमधल्या ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे छताखालच्या त्या पांढऱ्या डबीची, वायर सरळ ऑफिसातल्या मोठ्या स्विचला, म्हणजे सगळ्या वायरी जोडायच्या पेटीला. वायरिंग करणारे भाई नवरात्रात मंडपांची रोषणाई करणारे. कागद पाहून ते हसलेच.

"म्याडम, इतकी वायर कायले? माळ एकातून एकच काढतो ना आमी."

त्यांनी शेडोशेडी एकेक छोटा स्विच ठेवला आणि त्यातून पुढच्या शेडची वायर काढली. एक मेला की पुढचे सगळे मेले, हे मी घसा फोडून सांगितलं. बाजार समितीच्या सचिवसाहेबांना मात्र वाचलेली वायर दिसत होती. माझं डोकं फिरलं, पण सही त्यांची.

खरेदीच्या शेवटच्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि परत आली ती तिसऱ्या शेडमधला स्विच जाळूनच. तिसऱ्यातली डबी मागून आलेल्या वायरीला सरळ जोडून चालू केली, पण चौथा आणि पाचवा शेड ठप्प. जास्तीचा स्विच कुणी आणून ठेवलाच नव्हता. संध्याकाळी खरेदी बंद होणार होती, वर आभाळ दाटून आलेलं. भाई आणि मी ऑफिसपासून सरळ वायर ओढत सुटलो. ती चौथ्या शेडपर्यंतच पुरली.

पाचव्यात एकच बाई उरली होती, लांबच्या खेड्यातून एकटी आलेली. हमालांनी तिची पोती चौथ्यात आणली, तशी तिथली रांग उसळली.

"आमी काहून थांबावं? कालपासून इथंच पडून राहिलो!"

रांगेत पहिला एक म्हातारा होता. त्यानं हात वर केला. "घ्या तिचं आधी. एकटी बाई रातच्याले इथं कुठी निजन?"

तिची पोती काट्यावर चढत होती आणि माझी नजर घड्याळावरून हलत नव्हती. शेवटचं पोतं नोंदलं गेलं, पावती निघाली. म्हाताऱ्याचं पहिलं पोतं चढवलं आणि काट्याच्या मशीनवर अक्षरं आली: खरेदी बंद. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. सचिवसाहेब म्हणाले, "आता आपल्या हातात काही नाही." त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

पोती बाहेर काढावी लागली. थेंब पडायला लागले होते. म्हातारा ताडपत्री ओढत होता आणि तिचं दुसरं टोक त्या बाईनं धरलं होतं, पावती कमरेला खोचून.

"जाय ना माय आता," तो तिला म्हणत होता, "तुयी यष्टी चुकन."