दोन लॅबच्या मधला आकडा

मल्हारगंजातलं भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. दोन ठिकाणी भाव काढायचा आणि मधल्या आकड्यावर सौदा पटवायचा, हीच माझी शाळा. म्हणून डॉक्टरांनी रक्ताची नवी तपासणी लिहून दिली तेव्हा मी गुपचूप दोन लॅबमध्ये रक्त दिलं.

माझ्यात ताईची किडनी आहे. किडनीचं नेहमीचं माप, क्रिएटिनिन, तर ठीक होतं. पण डॉक्टर म्हणाले, "शरीर किडनी नाकारायला लागलं की तिच्या पेशी तुटतात, आणि ताईंचा डीएनए तुमच्या रक्तात वाढतो. क्रिएटिनिन कधीकधी उशिरा बोलतं."

एका लॅबचा आकडा हद्दीत आला, दुसरीचा वर. दोन्ही कागद मी त्यांच्यापुढे ठेवले. "डॉक्टरसाब, मधला धरू. तो नॉर्मलच येतो."

"भिया, ही कढई नाहीये. दोघांची मोजायची पद्धत वेगळी. बायोप्सी करू. सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून बघू."

"खोटी लॅब कोणती ते सांगा ना!"

"दोन्ही खऱ्या असू शकतात."

माझं डोकंच फिरलं. तब्येत चांगली, लघवी साफ, मग सुई कशाला? बाहेर येऊन ताईला फोन लावला. भाऊबीजेपासून आम्ही बोलत नव्हतो. ओवाळून झाल्यावर मी साडी पुढे केली, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तू काय देणार मला? देणारी तर मी आहे!" ते मी अजून विसरलेलो नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, "काय रे, माझ्याशी भांडून पोट नाही भरलं? आता किडनीशी पण?"

"मी कुठे भांडतोय? शरीर भांडतंय!"

"एकच झालं. सुई कधी आहे?"

"येऊ नकोस."

"टाइम सांग चुपचाप."

सांगितला. आत जाऊन बायोप्सीच्या कागदावर सही केली.

तुकड्यात दिसलं, नाकारणं सुरू झालंच होतं. इंजेक्शनं दिली, किडनी वाचली. माझ्या रागाने झालं का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर नुसते हसले. ते हो होतं की नाही, कळलं नाही.

आता एकाच लॅबमध्ये रक्त देतो. आकडा उतरला की डॉक्टर खूश होतात: ताई माझ्या रक्तात जितकी कमी, तितकं चांगलं. ताई दर वेळी फोन करून विचारते, काय निघालं. ही खुशखबर तिला कोणत्या तोंडाने सांगायची?