कारखान्यातलं पाळणाघर

मला पाळणाघरात नोकरी लागली तेव्हा तिथं एकही मूल नव्हतं, आणि पुढं बरेच दिवस आलंही नाही.

त्याआधी मी एका बालवाडीत शिकवत होते. आजूबाजूची मुलं हळूहळू इंग्रजी नर्सरीत जायला लागली आणि एका जूनमध्ये आमची बालवाडी उघडलीच नाही. आमचे मिस्टर जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. मुलगा बंगळूरला नोकरीला. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये मी एकटी. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले की संध्याकाळी मुलाचा फोन येईपर्यंत तोंड उघडायचं कारण नसायचं. एकदा त्याचा फोन घेतला तर माझा आवाजच फुटेना. तो घाबरून म्हणाला, "आई, रडतीयेस का?" रडत नव्हते मी. दिवसभर घसा वापरलाच नव्हता, एवढंच.

म्हणून शेजारच्या वहिनींनी सांगितलं, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मुलं सांभाळायला बाई पाहिजे, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी गेले. मॅनेजर साधा माणूस होता. माझं शिक्षण, अनुभव, काही फारसं विचारलं नाही. पॅकिंगच्या मागं एक खोली होती, ती उघडून दाखवली. भिंती नव्या पिवळ्या रंगाच्या, खाली जाजम, चार पाळणे, एक प्लास्टिकचा घोडा, कोपऱ्यात दूध तापवायला शेगडी. सगळ्याला अजून दुकानाचा वास होता.

"मुलं किती आहेत?" मी विचारलं.

"येतील की," ते म्हणाले. "खोली तर झाली."

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी तपासणीला सरकारी साहेब येऊन गेले होते. कारखान्यात ठरावीक संख्येच्या वर बायका कामाला असल्या, तर त्यांच्या लहान मुलांसाठी खोली आणि बाई ठेवावीच लागते, असा कायदा आहे. आपल्या राज्याच्या नियमांत ती खोली कशी हवी हेही लिहिलंय. उजेड, वारा, पाळणे, दूध, अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला मधे येऊन पाजायची मुभा. हे सगळं मराठीत छापून दाराशेजारी लावलं होतं. मला ते लवकरच पाठ झालं, कारण वाचायला तिथं दुसरं काही नव्हतं.

मी रोज जायचे. पाळणे पुसायचे. मागच्या यंत्रमागांची धडधड भिंतीतून यायची आणि कापसाची बारीक भुकटी दाराच्या फटीतून आत यायची, त्यामुळं पुसायला रोज काहीतरी असायचं. दुपारी डबा उघडायचे आणि एकटीच जेवायचे. घरी एकटी होतेच. पण घरी निदान कुणी येणार आहे असं वाटत नाही. इथं दाराबाहेर चप्पल वाजली की मान वर व्हायची, आणि चप्पल पुढं निघून जायची.

एक दिवस डबा घेऊन मी शिलाईत गेले. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या सगळ्या बायकाच. निम्म्या तेलुगू घरांतल्या, बाकीच्या आजूबाजूच्या खेड्यांतून शहरात आलेल्या. जमिनीवर गोल करून जेवत होत्या. मी जाताच बोलणं थांबलं. एकीनं सरकून जागा दिली. चटणी पुढं केली. सगळं रीतसर. पण त्या गोलात मी बसले तशी बसूनच राहिले, कुणी पुढं एक शब्द काढेना.

"मुलं आणा की तुमची," मी म्हटलं. "खोली रिकामीच आहे."

दोघी-तिघी हसल्या. खेड्यातून आलेली एक थोराड बाई होती, डोईवरचा पदर कधी न ढळणारी. ती म्हणाली, "लेकरं हितं आणून काय करायचं अक्का? आमी नगावर शिवतो. लेकरू रडलं की उटायचं, पाजायचं, परत यायचं. तेवड्यात किती टावेल जातात आमचं? ते कोन मोजून देनार हाय?"

"पण कायद्यात सुट्टी आहे पाजायची."

"व्हय, सुट्टी हाय. टावेल न्हाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "राग नका मानू. ती खोली सायेबासाटी हाय. तपासणीवाला आला की दावायला. तुमीबी तिकडच्याच."

मला राग आला नाही. पण त्यानंतर शिलाईत जेवायला जायचं धाडस झालं नाही. त्या मला मॅनेजरचं माणूस समजत होत्या, आणि मॅनेजर मला विसरूनच गेले होते.

पहिलं मूल दिवाळीनंतर आलं. शिलाईतल्या एका तरुण पोरीची सासू न्हाणीत घसरली आणि अंथरुणाला खिळली. तिच्या लहान मुलीला ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. सकाळी ती दारात आली, कडेवर दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी, काजळ गालापर्यंत ओघळलेलं. "अक्का, आजच्या दिवस बघता?" एवढंच म्हणाली आणि मुलगी माझ्या हातात देऊन पळाली, कारण भोंगा झाला होता.

मुलगी दुपारपर्यंत रडली. मी बालवाडीतली सगळी गाणी म्हटली. तिला मराठीचा शब्द कळत नव्हता. शेवटी थकून "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणायला लागली. मला कळेना. बाहेर जाऊन पॅकिंगमधल्या माणसाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पाणी मागतीय. घोटभर पाणी प्याली आणि माझ्या मांडीवरच झोपली. माझा पाय बधिर झाला, पण मी हलले नाही.

आजच्या दिवसाचे रोजचे दिवस झाले. मी तिच्याकडून तेलुगू शिकले आणि ती माझ्याकडून मराठी. तिला घोडा आवडायचा नाही, दाराची कडी आवडायची. कडी वाजवत उभी राहायची आणि मागांच्या आवाजात तो आवाज मिसळला की खूश होऊन माझ्याकडं बघायची. मुलाचा संध्याकाळी फोन आला की मी तिचंच सांगत बसायचे. तो म्हणायचा, "आई, तुझा आवाज बदललाय."

आई मात्र दिवसभरात एकदाही यायची नाही. मुलगी अजून अंगावर प्यायची. दुपारी दूध दाटून आई कळवळायची आणि संध्याकाळी येऊन आधी दार लावून मुलीला घ्यायची. मी तिला दाराशेजारचं वाचून दाखवलं. "दोनदा येता येतं तुला. हक्कच आहे." ती एकदा आली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय, सारखं सारखं फिरायला जाता?" त्यानंतर ती आली नाही.

मी मॅनेजरकडं गेले. जन्मात कुठल्या साहेबासमोर उभी राहून काही मागितलं नव्हतं. म्हटलं, "साहेब, तिला बोलणी बसतात. आणि ती पाजायला आली की तेवढे टॉवेल तिचे बुडतात. तेवढ्या वेळाचं तुम्ही धरून द्यायला पाहिजे."

"बाई, तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच लावलंय दाराशेजारी."

ते हसले. खरंच हसले, चिडले नाहीत. म्हणाले, "बघतो. वर विचारतो." वरून काय आलं मला कळलं नाही. पण सुपरवायझरचं तोंड बंद झालं, आणि पुढच्या पगारात तिला पाजायच्या वेळाचं काहीतरी धरून मिळालं. तिनं ते मला सांगितलं नाही. ते शिलाईत पसरलं. आठवड्याभरात आणखी एक मूल आलं, मग जुळी दोन. ती थोराड बाईसुद्धा तिची नात घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हिला थोडे दिस. बगू."

त्या उन्हाळ्यात खोलीत इतका गोंगाट होता, की मागांची धडधड ऐकूच यायची नाही. दुपारी आया यायच्या, जाजमावर बसून पाजायच्या, एकमेकींना घरचं सांगायच्या, आणि मलाही. भाजीत काय घातलं ते विचारायच्या. घरी परतताना मी रिक्षात डोळे मिटून बसायचे, कारण डोकं दुखायचं. तसं डोकं दुखणं मला हवं होतं.

मग परदेशच्या ऑर्डरी कमी झाल्या. आधी मागच्या बाजूचे काही माग बंद झाले. एका सोमवारी शिलाईच्या बायकांना बोलावून सांगितलं, की शिलाईचं काम आता ठेकेदाराकडं दिलंय. ज्यांना पाहिजे त्यांनी घरी मशीन लावून शिवावं, माल पोहोच होईल. कुणी आरडाओरडा केला नाही. घरी काम मिळतंय, रिक्षाचा खर्च वाचेल, असं बऱ्याचजणींना वाटलं. दहा-बाराजणी तेवढ्या चेकिंगला आणि पॅकिंगला राहिल्या.

मुलं त्या दिवशीच गेली. कुणी निरोप घेतला असं झालं नाही. त्या पहिल्या मुलीच्या आईनं तिची बाटली, फडकी पिशवीत भरली आणि म्हणाली, "येते अक्का." मुलगी झोपलेली होती. तशीच खांद्यावर टाकून नेली.

मॅनेजरनी मला बोलावलं. "बाई, आता एवढ्या बायका राहिल्या नाहीत. कायद्यानं पाळणाघर लागत नाही. तुम्हाला चेकिंगला घेतो, काढत नाही." त्यांच्या परीनं ते चांगलंच वागले. खोलीत खोकी आली.

मला ते पटेना. एका दुपारी रजा टाकून मी कामगार ऑफिसात गेले. टेबलाशी एक तरुण मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाल्या, "काम त्याच कारखान्याचं, पण त्या घरी बसून ठेकेदाराचं शिवतात. कारखान्याच्या बायकांत त्या धरायच्या की नाही, इथंच अडतं सगळं. त्यांच्यापैकी कुणी तक्रार घेऊन आलं तर मी बघते. तुमच्या एकटीच्या सांगण्यावर काय करू?"

म्हणून मी त्या पहिल्या मुलीच्या आईच्या घरी गेले. पूर्व भागातल्या एका बोळात, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाटेवर सासू, भिंतीला लागून मशीन, आणि टॉवेलचा ढीग छतापर्यंत. ती उठली, पाणी दिलं, चहा टाकला, आणि पुन्हा मशीनवर बसली. शिवत शिवतच बोलत होती. मुलगी ढिगाच्या आडून बघत होती. केस वाढले होते तिचे. मी हात पुढं केला, तेलुगूत हाक मारली. ती आईच्या पदरात शिरली.

"विसरली बघा," आई म्हणाली. "लहानच की."

मी तिला ऑफिसाचं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. पहिल्यांदाच थांबवलं. "अक्का, तुम्ही आमच्यासाठी तवा बोलला, ते लक्षात हाय माझ्या. पण आता नको. ठेकेदाराला कळलं तर हा ढीग उद्या दुसरीच्या घरात जाईल. हिला मी बघतेच हितं, डोळ्यासमोर हाय."

"दिवसभर शिवतेस, तिला बघतेस कधी?"

तिनं मशीनवरचा टॉवेल पुढं सरकवला. खाटेवरून सासू तेलुगूत काहीतरी म्हणाली, त्यातलं मला "पालु" एवढंच कळलं, दूध. आई उठून आत गेली. तेवढ्यात मुलगी मशीनच्या पॅडलपाशी जाऊन बसली आणि हातानं ते खालीवर करायला लागली. तिची आई आतून ओरडली, तशी ती तिथून उठली, पण माझ्याकडं आली नाही.

मी आग्रह केला नाही. तक्रार तिनं करायची होती, आणि भीतीही तिलाच होती. चहा घेऊन निघाले. बोळाच्या तोंडाशी रिक्षा मिळेना, म्हणून चालत निघाले, आणि नवी पेठेतून जाताना गर्दीत कुणाकुणाचे धक्के लागले तर बरंच वाटलं.

मी अजून त्या कारखान्यात आहे, चेकिंगला. टॉवेल उजेडाला धरायचा, धागा सुटलाय का बघायचं, बाजूला ठेवायचा. ती थोराड बाई माझ्या शेजारीच बसते. दुपारी आम्ही एकत्र जेवतो, आता मला कुणी मॅनेजरची समजत नाही. तिची नात अंगणवाडीत जाते. त्या शिलाईवाल्या पोरीची, पहिल्या मुलीच्या आईची, खबर कधी तिच्याकडूनच कळते. मागं तिनं सांगितलं, की आता त्या पोरीच्या गल्लीत तिघी-चौघी मिळून एकीच्या घरात मशीनं लावतात, आणि एकजण पाळीपाळीनं सगळ्यांची पोरं घेऊन बसते.

"तुमची आठवन काढत होती ती," थोराड बाई म्हणाली.

"खरंच?"

"मी काय खोटं बोलते व्हय?" ती म्हणाली, आणि पुढचा टॉवेल उचलला. ती खोटंच बोलत असावी, असं मला वाटलं. मीही पुढचा टॉवेल उजेडाला धरला.