स्लॅबवरचे वाफे
ओल्या सिमेंटचा वास आला की मला लातूरचा तो उन्हाळा आठवतो. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, दोन वर्षं पाऊस नव्हता, आणि नव्या कचेरीच्या बांधकामावर मी नवखा ओव्हरसिअर होतो. स्लॅब टाकला की पुढे कितीतरी दिवस तो ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडे जातात. त्यासाठी लांबच्या विहिरीचं गोड पाणी टँकरनं यायचं. लोहा गावाकडून मजुरीला आलेली एक बाई स्लॅबवर मातीचे वाफे घालून ते पाणी कोंडायची. इतके सरळ वाफे मी शेतातही पाहिले नव्हते. एका दुपारी पाणी सोडता सोडता ती म्हणाली, "साहेब, एक घागर खाली न्हेऊ का? सासूला ताप हाय, खोपटात घोटभर पानी न्हाई." मी मोठ्या साहेबांना विचारलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एकीला दिलं की साऱ्याजणी घागरी घेऊन येतील. स्लॅब वाया गेला तर काम बंद पडेल, आणि या कामावरच त्यांच्या चुली पेटतात." यात खोटं काहीच नव्हतं. मी वर येऊन नकारार्थी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि शेवटचा वाफा तिनं काठोकाठ भरला. परवा पेन्शनच्या कागदासाठी त्याच कचेरीत गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. मी वर बघत राहिलो. स्लॅबमधून एक थेंबही गळत नव्हता.