चिरकावरचं पुस्तक आणि आमचे हे

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी चिरक या पक्ष्यावर एक पुस्तक लिहिलं, ही गोष्ट सोलापुरात फारशी कुणाला कळली नाही. माझ्या मुलाचं लग्न ठरलं, ही मात्र अख्ख्या शुक्रवार पेठेला दोन दिवसांत कळली. मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याचं लग्न तेव्हा ठरलेलं नव्हतं, अजूनही नाही. हे कसं घडलं ते सांगते.

चिरक म्हणजे इंग्रजी गोष्टींतल्या रॉबिनचा आपल्याकडचा लांबचा भाऊबंद. तो गोरा रॉबिन छातीवर तांबडा रंग मिरवत बर्फात बसतो. आमचा नर काळाकुळकुळीत, पंखावर पांढरा डाग, आणि तांबडा रंग कुठे, तर शेपटीच्या खाली. तेवढ्यासाठी दिवसभर शेपटी वर करून हिंडतो. माझ्या कपाटात रॉबिन, दयाळ, गप्पीदास अशा सगळ्या गोतावळ्यावरच्या पुस्तकांची एक रांग आहे. सगळी जाडजूड, गुळगुळीत कागदाची, आणि सगळी थंड हवेत बसून लिहिलेली. वळसंगच्या माळावर मे महिन्यात चिरक काय खातो, कुठे सावली धरतो, याबद्दल त्यांत चकार शब्द नाही. वळसंगला आमचं शेत आहे. तिथे मी बारा वर्षं दर रविवारी जाऊन वह्या भरल्या आणि शेवटी पुस्तक लिहिलं.

मला शेतावर नेणारे आमचे हे. ह्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. मी चिरकाकडे तोंड करून बसायची आणि हे चिरकाकडे पाठ करून पेपरातले बाजारभाव वाचायचे. बारा वर्षांत मी अनेकदा वही पुढे केली. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "छापून येऊ दे की. मग वाचतो." आता लपवण्यात अर्थ नाही. मला पेपरात परीक्षण नको होतं, पुरस्कार नको होता. ह्या एका माणसाने माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, एवढीच इच्छा होती, आणि ती मला भलतीच छळत होती.

छपाईचं काम मी पेठेतल्याच एका छापखान्याला दिलं. मालक माझा जुना विद्यार्थी. विज्ञानात त्याला मीच दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे मी जरा नरमाईने वागत होते. तो लग्नपत्रिका छापतो. पुस्तक त्याने आधी कधी छापलं नव्हतं, पण म्हणाला, "पुस्तक म्हणजे काय बाई, जाड पत्रिकाच की." तेव्हाच मी उठून यायला हवं होतं. आतला मजकूर मी तीनदा तपासला. मुखपृष्ठासाठी नराचा एक झकास फोटो दिला. "कव्हर सरप्राईज ठेवतो," म्हणाला. शिवाय पुस्तक कुणाकुणाला पाठवायचं ती पत्त्यांची यादीही त्याने माझ्याकडून मागून घेतली. मला वाटलं, पाकिटांवर पत्ते घालून देईल.

आठ दिवसांनी तो पेढे घेऊन घरी आला आणि त्याने पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

वर मधोमध सोनेरी गणपती. खाली ॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥. चारी बाजूंनी आंब्याच्या पानांची वेलबुट्टी. आणि मधे माझा चिरक, नखशिखांत कुंकवाच्या रंगाचा.

"अरे, हा काळा असतो!"

"काळं कसं छापायचं बाई पहिल्या पानावर? बापजाद्यांपास्नं आमच्याकडं न्हाय छापलं कधी. तुमचं पहिलं पुस्तक, आन् काळं?"

"म्हणून तू पक्षी लाल केलास?"

"लाल होताच की तो, बुडाखाली. तोच जरा सगळीकडं पसरवला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने हात जोडले. "काळजी करू नका, बाई. पाकिटं भरली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, आत अक्षता टाकल्या, आन् यादीपरमाणं घरपोच वाटूनबी झाली. सकाळीच. तुमाला तरास नको म्हटलं."

दुपारपासून फोन सुरू झाले. अक्कलकोटच्या आत्याबाईंनी तर पाकीट न फोडता देवापुढे ठेवलं होतं, वर फूल वाहिलं होतं. "मुहूर्त कधीचा गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्या, ते उघडा तरी. पुस्तक आहे." "उघडते की सवडीनं, पण मुलगी कुठली?" ज्यांनी उघडलं त्यांची आणखी पंचाईत. माझ्या एका चुलत नणंदेने पहिल्या पानावरचं 'चिरक' वाचून विचारलं, "हे आडनाव आपल्यात ऐकलं न्हाय. कर्नाटकातले का?" मुलाने पुण्याहून फोन केला, की आई, मला कळवणार कधी होतीस?

खरी शोभा झाली दुकानात. ह्यांची गिऱ्हाइकं म्हणजे आसपासच्या गावांतले शेतकरी. वळसंगचे एक पाव्हणे तर टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊनच आले आणि दुकानातच ह्यांना टोपी घातली. पुढचा प्रसंग मला दुकानातल्या हिशेबनिसांनी साग्रसंगीत सांगितला.

"लगीन न्हाय हो," हे म्हणाले, "बायकोनं पुस्तक लिवलंय."

"कशावर?"

"पाखरावर."

"कुटल्या?"

"ते काळं... न्हाय, तांबडं..." ह्यांनी मुखपृष्ठाकडे बघितलं.

"काय करतंय ते पाखरू?"

ह्यांना सांगता येईना. पाव्हणे म्हणाले, "बायकोनं लिवलंय, आन् तुमाला म्हाईत न्हाय व्हय?" सगळं दुकान हसलं. घरात बोललेलं हे कधी मनाला लावून घेत नाहीत, पण दुकानात हसं झालेलं त्यांना खपत नाही. दुपारी जेवायला आले, जेवून उठले आणि पुस्तक काखेत मारून परत गेले.

मी दाराआड उभी राहून बघत होते. मॅट्रिकच्या निकालाचीही मी इतकी धास्ती घेतली नव्हती.

पुढचे तीन दिवस ह्यांनी वाचलं. सरकीच्या पोत्यावर बसून वाचलं. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, की अंड्यांवर मादी एकटी बसते, नर नुसता गातो. "आपल्यासारकाच की," एक जण म्हणाला, तर हे म्हणाले, "न्हाय, पिल्लांना चारायला तो असतोय. पान चाळीस बघा." पेंड घ्यायला आलेल्या माणसाला पान चाळीस बघितल्याशिवाय पेंड मिळेना. मी हवेत होते. ते हवेत राहणं शनिवारच्या संध्याकाळपर्यंत टिकलं.

शनिवारी हे लवकर घरी आले. पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, तरी हात लावेनात.

"पान एकसष्ट चुकलंय," म्हणाले.

पान एकसष्ट म्हणजे माझ्या पुस्तकाचा कळस. आमच्या विहिरीजवळच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत सात वर्षांपूर्वी मादीने घरटं केलं होतं. एका रविवारी आत तीन अंडी होती. पुढच्या रविवारी घरटंच गायब. जवळ मुंगसाचं बीळ होतं. त्यावरून मी अडीच पानं मुंगसावर आरोपपत्र लिहिलं होतं. सगळे पुरावे, ठसे, सवयी, वेळा. विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असं.

"काय चुकलंय?" मी ताडकन विचारलं.

"मुंगसानं न्हाय नेलं. मी काढलं." हे भाकरीकडे बघत होते. "बुधवारी लाईट आली. कांदा वाळाय लागलेला. स्टार्टर दाबायचा तर आत घरटं. टोपीत घिऊन अलगद चिंचेच्या बेचक्यात ठिवलं. म्हटलं, येईल. न्हाय आली."

"आणि मला सांगितलं नाही? सात वर्षं?"

"तू रडलीस की त्या रविवारी. शाळेतल्या एवढ्या पोरांना रडवणारी बाई बांधावर बसून रडाय लागली. मग कसं सांगायचं?"

मला फार राग आला. सात वर्षं मी दिसेल त्या मुंगसाला दगड मारत आले होते. एक निरपराध प्राणी मी छापून बदनाम केला होता, आणि यादीतल्या यच्चयावत घरांत तो देवापुढे पडून होता. मी ताट तसंच ठेवून आत गेले. आत जाऊन बसल्यावर मात्र ध्यानात आलं, की ह्यांनी एकसष्टावं पान वाचलं होतं, आणि ते खोटं राहू नये म्हणून जेवण सोडलं होतं. राग होता तिथेच होता, पण त्याला आता बसायला नीट जागा मिळेना.

रविवारी आम्ही वळसंगला गेलो नाही. हे दुकान उघडून बसले आणि घरी उरलेल्या सगळ्या प्रतींसाठी स्वतःच्या हाताने शुद्धिपत्रं लिहून त्यांनी खळीने एकसष्टाव्या पानावर चिकटवली. 'पान ६१ ते ६३ : मुंगूस असे छापले आहे तेथे लेखिकेचे यजमान असे वाचावे.'

मी तसं वाचून बघितलं. 'लेखिकेचे यजमान बिळातून हळूच डोकावतात, शेपटी फुलवतात आणि अंड्यांवर झडप घालतात.' मला इतकं हसू आलं, की पदर तोंडात कोंबावा लागला. हे म्हणाले, "हसू नगं, खाली बग." चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'बुधवारी दिवस मावळेपर्यंत चिंचेखाली बसून मादीची वाट पाहिली. दोनदा पेटीवर आली, आत बघून गेली.'

बारा वर्षं वह्या भरूनही ही नोंद माझ्याकडे नव्हती.